शेवभाजीला चार स्टार, चर्चेला साडेचार: वरणगावजवळचं फौजीचं हॉटेल

आधीच सांगतो, या हॉटेलाला नाव नाही. बोर्ड आहे, पण त्यावर मोठ्ठी कोल्ड्रिंकची जाहिरात आणि खाली बारीक अक्षरात "शुद्ध शाकाहारी" एवढंच, नाव रंगवायचं पेंटरकडून राहिलं ते राहिलंच. भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की वरणगावच्या अलीकडे कडुनिंबाखाली केळीचे ट्रक उभे दिसतील, तिथे थांबायचं. मालक रिटायर फौजी, म्हणून सगळे फौजीचं हॉटेल म्हणतात. मॅपवर शोधू नका, मी पहिल्यांदा शोधलं आणि भलत्याच ढाब्यावर जाऊन पनीर खाऊन आलो. खान्देशात राहून पनीर, घरी सांगितलं सुद्धा नाही.

मी धुळ्याचा, ठिबकच्या कामानं आठवड्यातून एकदा तरी रावेर-मुक्ताईनगर पट्ट्यात असतोच, त्यामुळे हा काही एका जेवणावर ठोकलेला रिव्ह्यू नाही, दोन-अडीच वर्षं झाली इथं खातोय.

तर शेवभाजी. १३० रुपये प्लेट, एका माणसाला जास्त आणि दोघांना कमी. रस्सा काळ्या मसाल्याचा, खोबरं आणि कांदा चुलीत भाजलेला असतो ते पहिल्या घासाला कळतं, वर तर्री बोटभर. पण खरी गोष्ट म्हणजे शेव वेगळ्या वाटीत येते. हे ज्याला कळलं त्याला शेवभाजी कळली, नाहीतर बाकी ठिकाणी किचनमधून टेबलावर येईपर्यंत शेवेचा लगदा झालेला असतो. सोबत कळण्याची भाकरी २५ रुपये, ज्वारी-उडदाची, उडीद सालासकट दळलेला, त्यामुळे काळपट दिसते, पुण्याचा एक पाहुणा घेऊन गेलो होतो तो म्हणे भाकरी करपलीय का. त्याला ठेचा दिला, मग गप्प बसला. भरीत फक्त थंडीत, बामणोदची वांगी आली की, तुरीच्या काड्यांवर भाजतात, त्यात टोमॅटो नाही की बिमॅटो नाही. उन्हाळ्यात मागाल तर फौजी सरळ "सीझन नाही" म्हणतो, फ्रीजमधलं काढून देत नाही. रविवारी वरण-बट्टी असते पण गर्दी इतकी की मी त्या वाटेला जात नाही.

आता फौजदारी डाळ. नावावरून रोज कोणीतरी नवीन गिऱ्हाईक जोक मारतंच की फौजीकडची म्हणून फौजदारी का, आणि फौजी रोज तेवढाच हसतो, त्याचा हा पेशन्स मला मानावा लागतो. चार-पाच डाळी एकत्र, लसणाची फोडणी, घट्ट इतकी की चमचा उभा राहतो. घट्ट का याचं कारण त्यानं मला एकदा सांगितलं. २०१७ च्या जानेवारीत त्या बीएसएफच्या तेजबहादूर यादवचा व्हिडिओ आला होता बघा, जळकी रोटी आणि हळद-मिठाचं पाणी असलेली डाळ, तेव्हा फौजी अजून नोकरीतच होता. त्याच्या आईनं गावाहून फोन करून विचारलं, बाळा तुला पण असंच देतात का रे. तो म्हणतो, "मी तोफखान्यात, तो बीएसएफचा, त्यांचं गृहखातं आमचं संरक्षण, पण आईला काय सांगू, तिला सगळे खाकी-हिरवे एकच." तेव्हाच ठरवलं म्हणे की हॉटेल काढलं तर डाळ पातळ द्यायची नाही.

आणि इथूनच या हॉटेलातली दुसरी डिश सुरू होते जी मेन्यूत नाही. चर्चा. साधारण सहा-साडेसहानंतर गल्ल्याजवळच्या टेबलावर चार-पाच जण ठरलेले असतात आणि विषय बहुतेक एकच, कोणता पुढारी फौजेत होता, किती वर्षं होता आणि खरंच होता का नुसतं सांगतोय. आजूबाजूला वातावरणच तसं आहे. वरणगावला बंदुकीच्या गोळ्या बनतात, भुसावळला दुसरी फॅक्टरी, घरटी नाही पण गल्लीआड कोणीतरी ऑर्डनन्समध्ये नाहीतर पलटणीत. टेबलावरचे नाना फॅक्टरीतून रिटायर. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "आमची गोळी फौजेत गेली, आम्ही नाही गेलो." दुसरे अमळनेरकडचे आप्पा, केळीच्या गाड्या भरतात, अहिराणीतच बोलतात. तिसरा एक पोरगा, भरतीची तयारी करतोय, सकाळी हायवेच्या कडेनं पळतो आणि संध्याकाळी इथं उधारीवर दोन ग्लास दूध पितो.

तेजबहादूरवरून त्या टेबलावर जेवढं भांडण झालं तेवढं सख्ख्या भावात वाटणीवरून होत नाही. माणूस २०१७ ला बडतर्फ झाला, २०१९ ला थेट वाराणसीत मोदींसमोर उभा राहायला निघाला, आधी अपक्ष, मग समाजवादीचं तिकीट, आणि फॉर्मच बाद. कायदा असा की सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्याला भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी यावरून काढलेलं नाही असं निवडणूक आयोगाचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते नव्हतं. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०२० च्या नोव्हेंबरात तिथंही फेटाळलं. नाना म्हणत होते कागद नाही तर नाही, आप्पा म्हणत होते, "डाळ पातळ व्हती हाई सांगं, त्यामा काय बेइमानी भो?" दोघं इतके तापले की माझी भाकरी तव्यावरच विसरली पोरगी. (ही सर्व्हिसची तक्रार आहे, खाली परत येईन.)

फौजी स्वतः मध्ये पडत नाही लवकर. गल्ल्यावर बसून बडीशेपेची वाटी फिरवत ऐकतो. पण कोणी फेकलं की तो ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या पिशवीतलं स्वतःचं डिस्चार्ज बुक काढतो आणि टेबलावर ठेवतो. भरती कधी, सुटला कधी, का सुटला, मेडल कोणती, कॅरेक्टर काय लिहिलंय, सगळं त्यात. एकदा एक माजी सरपंच आले होते, त्यांच्या कोणत्या तरी नेत्याला "माजी सैनिक" म्हणून तिकीट मिळणार म्हणून सांगत होते, अठरा वर्षं देशसेवा वगैरे. फौजी एवढंच म्हणाला, "त्यांचं बुक असेल ना असंच, घेऊन या एकदा, चहा माझ्याकडून." सरपंच परत आले नाहीत, चहा तसाच बाकी आहे.

नानांना वाटायचं की हे सगळं उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात असेलच. नसतं. मी स्वतः मोबाईलवर एकाचं उघडून दाखवलं. केसेस, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, धंदा, उत्पन्न कुठून, हे सगळं आहे पण फौजेच्या नोकरीचा वेगळा रकाना नाही. पेन्शन मिळत असेल तर उत्पन्नाच्या स्रोतात दिसेल, बास. म्हणजे फ्लेक्सवर रणगाडा छापा नाहीतर विमान, ते शपथेवर लिहिलेलं नसतं. मग नाना म्हणाले माहिती अधिकार टाकू, तर तेही सोपं नाही, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं नोकरदाराचं सर्व्हिस रेकॉर्ड ही खासगी माहिती धरलीय, मोठं जनहित दाखवल्याशिवाय मिळत नाही. नाना दोन मिनिटं गप्प बसले आणि मग एक प्लेट भजी मागवली. भजी साधी आहेत इथली, विशेष नाही, मागवू नका.

सगळ्यात भारी संध्याकाळ २०२४ च्या दिवाळीआधीची. अमेरिकेच्या इलेक्शनचं वातावरण, आणि टीव्हीवर तिकडच्या दोन उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या फौजी नोकरीवरून चालू. मला वाटलं इथं कोणाला काय पडलंय, तर आख्खं टेबल अमेरिकेत. तो टिम वॉल्झ, नॅशनल गार्डमध्ये म्हणजे तिकडच्या राखीव फौजेत २४ वर्षं काढलेला, २००५ च्या मे महिन्यात सुटला, त्याच्या युनिटला इराकची ऑर्डर त्याच वर्षी जुलैत आली आणि पुढच्या वर्षी ते गेले. आणि एका जुन्या भाषणात युद्धात बंदूक घेऊन फिरल्यासारखं बोलून बसलेला. समोरचा जेडी वान्स, मरीनमध्ये २००३ ते २००७, इराकला जाऊन आला पण काम बातम्या-फोटोचं. वान्स म्हणे वॉल्झ पळाला. भरतीवाला पोरगा उठूनच उभा राहिला, "चार वर्षं? म्हणजे हा अग्निवीरच की!"

हॉटेल हसलं, पण पोरगा हसत नव्हता. त्याचं म्हणणं, आपल्याकडे चार वर्षं करून बाहेर पडलेल्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा पण नाही, पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, आणि तिकडे तेवढ्यावर माणूस उपाध्यक्ष व्हायला निघालाय. मग नाना म्हणाले आपल्याकडे पंजाबचे मुख्यमंत्री राहिलेल्या अमरिंदर सिंगांचं बघ, १९६३ ला कमिशन, ६५ च्या सुरुवातीला राजीनामा, युद्ध लागलं तसे परत गेले, ६६ ला पुन्हा बाहेर. जेमतेम तीन वर्षं, पण "कॅप्टन" जन्मभर पुढं लागलं. फौजी तिथं पहिल्यांदा बोलला. "सुटलेला माणूस लढाई लागल्यावर परत जातो, त्याची वर्षं नाही मोजायची नाना." मग वॉल्झच्या रँकवरून सुरू झालं, कमांड सार्जंट मेजर म्हणून काम केलं पण कोर्स पूर्ण नाही म्हणून पेन्शनला मास्टर सार्जंट, एक पायरी खाली. तर खोटारडा का? फौजी म्हणतो थांबा, आणि आत जाऊन स्वतःचं आयकार्ड घेऊन आला. नोकरी केली हवालदार म्हणून, सुटल्यावर ऑनररी नायब सुभेदार. "मला सुभेदारसाहेब म्हणलात तर खोटं नाही, पण सुभेदारी मी एक दिवस केली नाही. आता सांगा मी कोण?" आप्पांनी लगेच निकाल दिला, "तू हाटेलवाला. भाकरी आन."

त्याच रात्री जुने पण निघाले. २००४ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा राहिलेला जॉन केरी, व्हिएतनामची तीन जखमांची पदकं, सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तरी जाहिराती करून करून त्याच्याच पदकांवर शंका काढली, आणि समोरच्या बुशची एअर गार्डमधली (राखीव हवाई दलातली) हजेरी सापडत नव्हती. त्या हजेरीवर टीव्हीवाल्यांनी कागद दाखवले तर ते कागदच खरे आहेत हे सिद्ध करता येईना, मोठ्या अँकरला खुर्ची सोडावी लागली. केरीनं सगळं रेकॉर्ड मोकळं करायच्या फॉर्मवर सही केली ती २००५ ला, इलेक्शन हरल्यावर. "लगीन मोडनं नि मंग कुंडली दखाडी," आप्पा. ट्रम्पचा विषय निघाला की टाचेचं हाड वाढलेलं म्हणून व्हिएतनाममधून सूट, त्याआधी कॉलेज चालू म्हणून चार वेळा, तेव्हा मला माझी आई आठवली. तिचं पण टाचेचं हाड वाढलंय आणि ती अजून कपाशी वेचायला जाते. हे मी मोठ्यानं बोललो आणि त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा मला मिळाला, थोडा भाव खाल्ला मी.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही या टेबलाची, हे लोक कधीकधी फौज म्हणजे राजकारणाचं सर्टिफिकेटच समजतात. आमच्या धुळ्याचे सुभाष भामरे २०१६ ते १९ संरक्षण राज्यमंत्री, माणूस कॅन्सरचा सर्जन, सर्जिकल स्ट्राइक झाला तेव्हा मंत्रालयात ते होते. बोदवडजवळच्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून तिन्ही दलांच्या सरसेनापती होत्या, २००९ ला पुण्याहून सुखोईत बसून उडाल्या, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. दोघांपैकी कोणी परेड केली नव्हती. आणि उलट बघा, खंडुरी मेजर जनरल, उत्तराखंडचे मुख्यमंत्री, २०१२ ला त्यांच्या नावावर प्रचार आणि स्वतःचीच सीट गेली. व्ही. के. सिंग तर लष्करप्रमुख, त्यांच्याच रेकॉर्डमध्ये जन्मसाल १९५० का ५१ याचा घोळ, सुप्रीम कोर्टापर्यंत भानगड, आणि दोन वर्षांनी गाझियाबादेत पाच लाखांच्या वर मतांनी निवडून. लोकांनी जन्मदाखला विचारला नाही. हे मी मांडलं तर नाना म्हणाले तुझं बरोबर आहे पण तू ठिबकवाला, तुला प्रेशर कळतं, फौज नाही. आता यावर काय बोलणार.

बरं मी पण काही धुतल्या तांदळाचा नाही. कॉलेजात एनसीसीचं बी सर्टिफिकेट होतं माझ्याकडे, तर लग्नाच्या बायोडाट्यात आईनं "मिलिटरी ट्रेनिंग पूर्ण" असं टाकलं होतं आणि मी खोडलं नव्हतं. सासरे अजून जावई शिस्तीचा म्हणून सांगतात.

तर आता गेल्या वेळची गोष्ट. झेडपीची हवा सुरू झालेली, आणि एका पक्षाची माणसं फौजीकडे आली. कोणता पक्ष ते सोडा, कोणताही असता तरी असंच केलं असतं. त्याला उभं करायचं होतं. तो नाही-नाही म्हणत होता तोपर्यंत यांनी फ्लेक्स छापून पण आणला. त्यावर फौजी युनिफॉर्ममध्ये, छातीवर मेडल, मागं बर्फाचा डोंगर, बोफोर्स तोफ आग ओकतेय आणि वर लाल-पिवळ्या अक्षरात "कारगिलचा वाघ". मी नेमका जेवत होतो. फौजीनं फ्लेक्स पूर्ण उलगडून दोन खुर्च्यांवर टाकला आणि बघत बसला बराच वेळ. मग म्हणाला तोफ छान आलीय.

मग आतून मेडलची डबी आणली. मला ही गोष्ट माहीत नव्हती, तुम्हालाही नसेल म्हणून लिहितो. कारगिलच्या त्या ऑपरेशनची दोन पदकं आहेत, एक ऑपरेशन विजय स्टार आणि एक ऑपरेशन विजय मेडल. स्टार जे प्रत्यक्ष त्या लढाईच्या भागात होते त्यांना, आणि मेडल त्या वेळी सीमेवर बाकी ठिकाणी तैनात झालेल्यांना पण. याच्या डबीत मेडल. १९९९ च्या मे-जूनमध्ये याची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला वाळूत, पाकिस्ताननं दुसरीकडून काही केलं तर म्हणून. "बर्फ नाही हो, बादलीतलं पाणी पण गरम असायचं," तो म्हणाला. डबीतलं अजून एक पदक दाखवून पक्षाच्या पोरांना म्हणतो, "हे तर १५ ऑगस्ट १९९७ ला जो जो नोकरीत होता त्या सगळ्यांना, पन्नास वर्षं झाली म्हणून. आणि हे नऊ वर्षांचं, हे वीस वर्षांचं. वर्षं भरली की येतात."

त्यांच्यातला एक म्हणाला, "भाऊ लोकांना कुठं कळतंय स्टार आणि मेडल." नाना पण त्यांच्याच बाजूनं बोलले, जे मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले तू होतास ना बॉर्डरवर, गोळी आली असती तर तुलाच लागली असती, डोंगर काय नि वाळू काय, लिहू दे. आणि खरं सांगू का, मलाही तेव्हा तेच वाटलं. तेवढं चालतं असं मी म्हणालो सुद्धा. फौजीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्याच कोर्सचे दोघं द्रासला होते. एक आलाच नाही. दुसरा कधी भुसावळवरून गेला तर इथं जेवायला उतरतो. तो हा फ्लेक्स बघेल ना." आणि युनिफॉर्मचा फोटो तर काढाच म्हणाला, २०१९ ला आयोगानं पत्र काढलं होतं सैनिकांचे फोटो प्रचारात नको म्हणून, पोरं म्हणाली ते चालू नोकरीतल्यांसाठी, तुम्ही रिटायर, तो म्हणाला असेल बाबा, मला नको.

उभा राहिला नाही शेवटी. कारण विचारलं तर हॉटेल कोण बघणार म्हणतो.

आता राहिलेला रिव्ह्यू. सर्व्हिस स्लो आहे, संध्याकाळी सहानंतर तर विचारू नका, वाढणारी एकच पोरगी आणि मालक चर्चेत, मला एकदा बिल मागायला तीन वेळा हाक मारावी लागली आणि शेवटी बिलात शेजारच्या टेबलाचे दोन ताक लावले. सांगितल्यावर लगेच काढले, ते वेगळं. यूपीआय चालतं पण नेटवर्क कडुनिंबाच्या पलीकडे जाऊन शोधायला लागतं. बायका-मुलांसाठी आत वेगळी खोली आहे, स्वच्छ आहे, कूलर आहे. संडास मात्र मागं लांब आणि रात्री लाईट नाही, फौजीभाऊ तेवढं करा. शेवभाजी तिखट म्हणजे तिखटच असते, कमी करून सांगितलं तर कमी करत नाहीत, दही पाठवतात. दुपारी दीडच्या आत गेलात तर शांत जेवण, साडेसहानंतर गेलात तर जेवण उशिरा पण करमणूक फुकट.

हात धुवायची जागा मागच्या बाजूला, चुलीच्या शेजारी. तिथं आधी उन्हाळ्यात डोक्यावर ऊन यायचं, आता ताडपत्रीसारखा फ्लेक्स बांधलाय. छापलेली बाजू खाली केलीय त्यामुळे रस्त्यावरून पांढरा दिसतो, पण बेसिनशी उभं राहून वर बघितलं की बर्फाचा डोंगर आणि तोफ दिसते, चुलीच्या धुरानं डोंगर आता काळा पडत चाललाय. साबण तिथं कधीच नसतो, तो मात्र ठेवा राव.